पणजोबांचं नवं गाणं

लोकगीत नवीन असू शकत नाही, असा आपल्याकडे एक अलिखित कायदा आहे. नाटक नवं चालतं, सिनेमा नवा लागतो, सरकारसुद्धा अधूनमधून नवं लागतं. पण डफावर थाप पडली की समोरच्या माणसाला जुनंच हवं असतं. गाणं त्याच्या आजीनं ऐकलेलं असावं, निदान तसं वाटावं तरी. अशा मुलखात आमच्या शाहिरांनी स्वतः लिहिलेल्या आणि स्वतःच चाली बांधलेल्या आठ गाण्यांचा अल्बम काढला आणि तो घेऊन ते दौऱ्यावर निघाले. वहिनी एवढंच म्हणाल्या, "जाताय तर येताना गहू घेऊन या."

मी शाहिरांचा तुणतुणेवाला. तुणतुण्याला एकच तार असते, ती एका सुरात लावायची आणि कार्यक्रम संपेपर्यंत टुणटुणत राहायचं. नोकरीतून निवृत्त झालेल्या माणसाला याहून सोयीचं वाद्य नाही, कारण पस्तीस वर्षं मी कचेरीत हेच केलं होतं. त्याशिवाय झील धरायची, म्हणजे शाहीर ओळ सोडतील तिथं मागून "जी जी रं जी" म्हणून ती उचलायची. शाहीर काय म्हणाले हे नीट ऐकू आलं नसलं तरी सहमती दाखवता आली पाहिजे. याचाही सराव कचेरीत झालेला होता.

अल्बमची सुरुवात स्टुडिओत झाली. तालुक्याच्या गावी एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर, भिंतींना स्पंज लावलेल्या खोलीत आम्हाला बसवलं. तिथल्या मुलानं ढोलकीवाल्या मामांच्या कानांवर हेडफोन चढवला आणि सांगितलं की यात टिकटिक ऐकू येईल, तिच्यामागं वाजवायचं. मामांनी अर्धा मिनिट ऐकलं आणि हेडफोन काढला. "हा टिकटिक करणारा कोण आहे त्याला बोलवा. चाळीस वर्षं मी कुणाच्या मागं वाजवलेलं नाही. त्याला म्हणावं, माझ्या मागं ये." बराच वेळ वाटाघाटी झाल्या. शेवटी टिकटिक बंद झाली आणि मामा सुरू झाले.

पुढचा तंटा लांबीचा. शाहिरांचं कांद्यावरचं गाणं सहा मिनिटांचं होतं. त्यात लावणी, निंदणी, काढणी, चाळीत साठवण, निर्यातबंदी आणि शेवटी रस्त्यावर ओतलेला ढीग असं सगळं क्रमवार येत होतं. मुलगा म्हणाला, "एवढं कुणी ऐकत नाही हो. आपलं राज्यगीत बघा, सरकारनं 2023 साली स्वीकारलं तेव्हा 1 मिनिट 41 सेकंदांत बसवलं. अख्खा महाराष्ट्र तेवढ्यात होतो, मग तुमच्या कांद्याला सहा मिनिटं कशाला?" या हिशेबावर शाहिरांकडं उत्तर नव्हतं. राजा बढ्यांचे शब्द, श्रीनिवास खळ्यांची चाल आणि शाहीर साबळ्यांचा आवाज यांच्यापुढं कांद्याचं काय चालणार? निंदणी आणि साठवण गेली. निर्यातबंदी राहिली.

मी शाहिरांची समजूत घातली की हे दुखणं आजचं नाही. कोलकात्यात 1902 साली गौहर जान पहिल्यांदा रेकॉर्डसाठी गायल्या, तेव्हा रात्रभर रंगवायचा राग त्यांना तीनेक मिनिटांच्या तबकडीत कोंबावा लागला. वर शेवटी स्वतःचं नावही उच्चारायचं होतं. रेकॉर्डी जर्मनीत छापल्या जायच्या आणि तिथल्या कारागिरांना गाणं कुणाचं ते कळावं म्हणून, असं सांगतात. हे ऐकून शाहीर एकदम खुलले. "मग त्यात नवीन काय केलं? आपल्याकडं शेवटच्या कडव्यात नाव घालायची रीत आधीपासून आहे. राम जोशी घालायचे, होनाजी-बाळा घालायचे, पठ्ठे बापूराव घालायचे. वामनदादांच्या कितीतरी गाण्यांत वामन येतोच." मग ते जरा विचारात पडले. अल्बममधल्या आठही गाण्यांत त्यांनी स्वतःचं नाव घातलेलं नव्हतं. हल्ली मोबाइलच्या पडद्यावर नाव येतंच, असं पुतण्यानं सांगितलं होतं. या पुतण्याकडं आपण नंतर येऊ.

शाहिराचं आर्थिक वर्ष एप्रिलमध्ये नाही, फेब्रुवारीत सुरू होतं. 19 फेब्रुवारीला तारखेची शिवजयंती. मग फाल्गुन वद्य तृतीयेला तिथीची. त्यानंतर चैत्रातल्या जत्रा, 14 एप्रिलची भीमजयंती, 1 मेचा महाराष्ट्र दिन. शिवजन्माच्या दिवसावरून विद्वानांनी पिढ्यान्‌पिढ्या वाद घातला, लेख लिहिले, समित्या नेमल्या. पण त्या वादातून कुणाच्या घरात चार पैसे गेले असतील, तर ते शाहिरांच्या. आमचे शाहीर देवघरात रोज हात जोडून एवढंच मागतात की इतिहासकारांचं एकमत होऊ देऊ नकोस. पाऊस सुरू झाला की डफाचं कातडं आणि शाहिरांचा बाजार दोन्ही उतरतात, ते थेट गणपतीपर्यंत.

तर अशा ऐन हंगामात एका जीपमध्ये शाहीर, मामा, पेटीवाला, मी, कडी-झांजवाला पोरगा, पेटी, ढोलकी, डफ, तुणतुणं आणि अल्बमचं पोतं असे आम्ही निघालो. अल्बमचं पोतं म्हणजे पेनड्राइव्हचं पोतं. कॅसेट गेली, सीडी गेली, सीडी वाजवणारी यंत्रं भंगारात गेली. पुतण्याचं म्हणणं होतं की आता अल्बम हवेत असतो, कुणी विकत घेत नाही, नुसता ऐकतात. शाहिरांना हे पटत नव्हतं. हातात देता येत नाही त्याचे पैसे मागायचे कसे? म्हणून आठ गाणी भरलेली पेनड्राइव्ह, किंमत दोनशे रुपये, विक्रेता तुणतुणेवाला.

विक्रीचा माझा अनुभव असा की मराठी माणूस कलेची कदर करतो, पण भाव करून. पहिला गिऱ्हाईक म्हणाला, "दोनशेत आठ? म्हणजे गाण्याला पंचवीस रुपये पडले. स्टँडवर मोबाइलचं दुकान आहे, तो शंभरात पाचशे भरून देतो." दुसऱ्यानं विचारलं, "यात जुनी किती आहेत?" एकही नाही म्हटल्यावर त्यानं पेनड्राइव्ह उलटीपालटी करून बघितली, जणू जुनी गाणी मागच्या बाजूला असावीत. तिसरा जाणकार होता. त्यानं झाकण काढलं, किती जीबीची आहे ते विचारलं, समाधानानं मान हलवली आणि म्हणाला, "माल चांगला आहे. गाणी काढून कितीला द्याल?"

आता कार्यक्रमाबद्दल. वेळ सातची छापलेली असते. सातला डेकोरेशनवाला खुर्च्या मांडायला घेतो. साडेसातला साउंडवाला "हॅलो, चेक" म्हणायला लागतो आणि हे त्याच्या मनाजोगतं होईपर्यंत आठ वाजतात. मग दीपप्रज्वलन, प्रतिमापूजन, प्रास्ताविक. त्यानंतर सत्कार. ज्यांचा सत्कार राहिला ते रुसतात, म्हणून राहिलेल्यांचा सत्कार. मग ज्यांच्या हस्ते सत्कार झाले त्यांचा सत्कार. या सगळ्यात शाहीर फेटा बांधून, डफ शेकून, कोपऱ्यात ताटकळत बसलेले. पावणेदहाला निवेदक जाहीर करतो, "आणि आता ज्या क्षणाची आपण वाट पाहत होतो." नेमक्या त्याच क्षणी मंडपाच्या दाराशी हवालदार येऊन उभा राहतो, कारण 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणं रात्री दहाला लाउडस्पीकर बंद. सरकारनं काही ठरावीक दिवस बारापर्यंत मुभा दिलेली असते, पण आम्ही पोचतो तो दिवस त्या यादीत कधीच नसतो.

म्हणजे हाताशी पंधरा मिनिटं. गणाला पाच द्यावीच लागतात, गणपतीला डावलून चालत नाही. उरलेल्या दहा मिनिटांत नवा अल्बम लोकांच्या गळी उतरवायचा. शाहीर माईक धरून म्हणतात, "आता आपल्यापुढं सादर करतोय, माझ्या नव्या अल्बममधलं…" आणि हे वाक्य पुरं होण्याआधी मागून आरोळी येते, "शाहीर, पोवाडा! अफजलखानाचा!" एका गावात ही आरोळी हवालदारानं दिली. वर स्वतःच्या जबाबदारीवर त्यानं वीस मिनिटं वाढवूनही दिली.

मग पोवाडा. आमच्याकडं बक्षिसाची पद्धत आहे. श्रोता खूश झाला की नोट पुढं करतो आणि त्याचं नाव माईकवरून पुकारावं लागतं. ते तिथल्या तिथं पुकारावं लागतं, शेवटी एकदम वाचून दाखवलेलं चालत नाही. महाराज शामियान्यात शिरलेत, खान हात पसरून पुढं झालाय, मामांची ढोलकी टिपेला पोचलीय, आणि शाहीर थांबून सांगतात, "वरच्या आळीच्या सरपंचांकडून 101 रुपये, त्यांचे आम्ही आभारी आहोत!" मी मागं जी जी म्हणतो. खान तसाच हात पसरून उभा. पुन्हा ढोलकी चढते, खान मिठी मारतो, तेवढ्यात खालच्या आळीला राग येतो आणि त्यांच्याकडून 151 रुपये येतात. एका रात्री दोन आळ्यांत अशी जुंपली की खानाला तीन वेळा नव्यानं मिठी मारावी लागली. वध होईपर्यंत मांडीवर साडेबाराशे रुपये जमले. पेटीवाला हळूच म्हणाला, "अजून थोडा वेळ जगला असता तर डिझेल निघालं असतं."

गाडीत परतताना शाहीर खिन्न होते. पण खिन्नपणात त्यांची बुद्धी चालते. ते म्हणाले, "बघा, 1659च्या नोव्हेंबरात प्रतापगडाच्या पायथ्याशी खान मारला गेला. त्यावर अज्ञानदासानं पोवाडा केला, आज मिळणाऱ्या पोवाड्यांत सगळ्यांत जुना म्हणतात तो. त्याबद्दल त्याला घोडा आणि सोन्याचा तोडा मिळाला अशी कथा आहे. म्हणजे त्या दिवशी तो पोवाडा काय होता? ताजी बातमी. कोरं करकरीत नवं गाणं. तेव्हा मागून कुणी ओरडलं असतं, की खानाचं राहू द्या, यादवांच्या काळातलं काही म्हणा, तर आज मी काय म्हटलं असतं?"

हे मात्र खरं. 1944 साली अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथक काढलं, तेव्हा ते जुनी गाणी आळवायला निघाले नव्हते. चाळीच्या पटांगणात त्या आठवड्याच्या संपावर त्याच आठवड्यात गाणं तयार असायचं. वामनदादा कर्डक सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे, अक्षरओळख झाली ती मोठेपणी मुंबईत. 1943 साली पहिलं गाणं रचलं आणि मग जन्मभर गावोगाव हिंडून हजारो गाणी लोकांच्या तोंडात ठेवली. आज ज्याला आपण आपलं जुनं म्हणून छातीशी धरतो, ते कुणीतरी कधीतरी नवीन म्हणून घेऊन आलं होतं. त्याचीही कुणीतरी हुर्यो केली असणारच.

हुर्योचंही एक शास्त्र आहे. अमेरिकेत बॉब डिलन नावाचा असाच एक गाणी रचून गाणारा. जुलै 1965मध्ये न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात तो साधी गिटार सोडून विजेची गिटार घेऊन उभा राहिला आणि लोकांनी त्याची हुर्यो उडवली. त्यावर आजही पुस्तकं निघतात. आमच्या शाहिरांचीही एका गावात हुर्यो झाली, पण कारण उलटं. "नुसता डफ काय घेऊन आलाय? बेंजो कुठाय? पॅड कुठाय?" डिलनला पुढं नोबेल मिळालं. आम्हाला त्या गावात नारळ मिळाला. नारळ हे आमच्या धंद्यातलं खरं चलन. मानधनाच्या पाकिटातून मंडपवाल्याचे, साउंडवाल्याचे आणि "यंदा वर्गणी कमी जमली"चे वजा होतात, पण शाल आणि श्रीफळ यांना कुणी हात लावत नाही. वहिनींनी गहू सांगितला होता. जीपमध्ये नारळ साठत होते.

शेवटी शाहिरांनी युक्ती काढली. एका जत्रेत ते माईकवर म्हणाले, "मंडळी, आता जे गाणं म्हणतोय ते माझं नाही. माझ्या पणजोबांच्या वहीत सापडलं." आणि त्यांनी अल्बममधलं तिसरं गाणं सुरू केलं. गाणं असं आहे की एका सासुरवाशिणीला आईशी बोलायचंय, पण वाड्यात मोबाइलला रेंज नाही. ती माळवदावर चढते तर एक कांडी येते, लिंबाच्या फांदीपाशी गेली तर दोन. खालून सासू विचारते, तिथं काय करतेस? ती म्हणते, वाळवण राखते. चाल जात्यावरच्या ओवीची.

पहिल्या कडव्याला बाया गप्प झाल्या. दुसऱ्याला डोळ्यांना पदर लागले. तिसऱ्याला त्याच धृपद म्हणायला लागल्या. एकाही माणसानं विचारलं नाही की पणजोबांना रेंजचं कसं ठाऊक. नंतर मी एका म्हाताऱ्या आजींना मुद्दाम विचारलं, "आजी, गाणं कसं वाटलं?" त्या म्हणाल्या, "अरे, आमचंच की. माझी आई म्हणायची हे." मी म्हणालो, "पण आजी, तेव्हा मोबाइल कुठं होता?" त्यांनी माझी कीव करून सांगितलं, "मोबाइल नव्हता. माहेरचा निरोप कावळा आणायचा. बाकी गाणं तेच."

शाहीर त्या रात्री जीपमध्ये एक शब्द बोलले नाहीत. आनंद झाला की ते बोलत नाहीत.

तिथून पुढं पणजोबा जोरात चालले. कांद्याचं गाणं पणजोबांचं, बंद पडलेल्या एसटीचं गाणंही पणजोबांचं. मात्र पेनड्राइव्हचा खप शून्यावर आला, कारण पणजोबांचं गाणं विकत कोण घेतं? ते तर सगळ्यांचं असतं. लोकांनी ते मोबाइलवर टिपलं आणि एकमेकांना फुकट धाडलं. पुतण्या चिडला. त्यानं इंटरनेटवर अल्बम चढवताना कवी, संगीतकार, गायक अशा तिन्ही रकान्यांत काकांचं नाव भरलं होतं, आणि इकडं काका स्वतःच जाहीर सभेत ते खोडत होते.

कळस झाला तो एका संशोधक विद्यार्थ्यामुळं. मुलगा मोठा कामसू होता. लोकगीतं गोळा करणं हे काही ऐऱ्यागैऱ्याचं काम नाही. 1891 साली हॅरी अॅक्वर्थ नावाच्या साहेबानं शाळिग्रामांना बरोबर घेऊन पोवाड्यांचा मोठा संग्रह छापला आणि हा साहेब मुंबईचा म्युनिसिपल कमिशनर होता. गटारं, पाणी आणि गोंधळ्यांचे पोवाडे, सगळं एकाच टेबलावर. तर या विद्यार्थ्यानं गावोगाव फिरून सासुरवाशिणीचं गाणं पाच बायांकडून पाच पाठांत टिपलं आणि आपला लेख शाहिरांनाच तपासायला पाठवला. त्यात लिहिलं होतं: "कवी अज्ञात. काळ अंदाजे एकोणिसावं शतक. 'मोबाइल' हा शब्द नंतर घुसडलेला दिसतो, मूळ पाठात 'कावळा' असावा."

पुतण्या म्हणाला, "काका, दावा ठोका. 1957चा कायदा आहे. कवी जिवंत असेपर्यंत आणि तो गेल्यावर पुढं साठ वर्षं हक्क त्याचाच." शाहिरांनी बोटांवर हिशेब केला. "अरे, पण या पोरानं मला एकोणिसाव्या शतकातच पोचवलंय. साठ वर्षं केव्हाच संपली. आता तुझाही हक्क बुडाला." मग त्यांनी लेखातल्या शुद्धलेखनाच्या चार चुका दुरुस्त केल्या आणि परत पाठवून दिला. वहिनींनी फक्त एक शंका काढली, "एकोणिसाव्या शतकातल्या माणसाशी माझं लग्न कुणी लावलं?"

एवढं होऊनही मी हट्ट धरला की निदान शेवटच्या कडव्यात नाव घाला, जुनी रीत आहे, फुकट जात नाही. शाहिरांनी बसून सासुरवाशिणीला एक कडवं वाढवलं आणि त्यात स्वतःचं चार अक्षरी नाव चपखल बसवलं. पुढच्या गावांत ते कडवं म्हटलं. लोकांनी तेही उचललं.

हंगामाच्या शेवटी एका यात्रेत आमच्याआधी तिथल्या स्थानिक शाहिरांचा कार्यक्रम होता. भरदार मिशा, खणखणीत आवाज, सोबत बेंजो आणि पॅड. त्यांनी सुरू केलं तेच गाणं. सासुरवाशीण, माळवद, लिंबाची फांदी, सगळं जसंच्या तसं. माझा तुणतुण्यावरचा हात थरथरायला लागला. शेवटचं कडवं आलं आणि त्यात आमच्या शाहिरांच्या नावाच्या जागी त्या गृहस्थांनी बिनदिक्कत स्वतःचं पाच अक्षरी नाव घातलं. टाळ्यांचा कडकडाट झाला. बक्षिसं आली. त्यातलं एक 501चं होतं.

मी शाहिरांकडं पाहिलं. ते डोळे मिटून, बोटांनी गुडघ्यावर मात्रा मोजत होते. गृहस्थ स्टेजवरून उतरले तसे शाहीर उठून त्यांच्याकडं गेले. मामांनी ढोलकी खाली ठेवली, लागलीच तर दोन्ही हात मोकळे असावेत म्हणून. पण शाहीर त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "आवाज फार गोड आहे तुमचा. फक्त शेवटच्या ओळीत नाव बसत नाही. एक अक्षर जास्त होतंय, तिथं ठेका अडखळतो. आधीचा 'गं' काढून टाका, मग बघा कसं बसतं." आणि त्यांनी तिथल्या तिथं ती ओळ त्या गृहस्थांच्या नावानं गुणगुणून दाखवली. खरोखरच छान बसली.

गृहस्थांचा चेहरा उजळला. त्यांनी दोन वेळा म्हणून बघितलं, चहा मागवला आणि मोठ्या कौतुकानं विचारलं, "जाणकार दिसता. तुम्हीपण गाणी लिहिता का?"

"कधीमधी," शाहीर म्हणाले.